माफी देवाची, धुरा शेजारणीचा

गावोगावच्या येशूच्या सभांवरून आपल्याकडे जो वाद रंगतो, त्यात सगळ्यात कमी बोललं जातं ते येशूच्या शिकवणुकीबद्दल. पानठेल्यावर एक जण म्हणतो, "यायचं काय, डोळे मिटून सॉरी म्हटलं का सात खून माफ. सोमवारी पुन्हा पाप कराले मोकळे." तिकडे टिनाच्या शेडमध्ये माईक हातात घेतलेला उपदेशक सांगत असतो, की तुमच्या वावरात पिकत नाही, लेकराचा ताप हटत नाही, कारण घरात कुठंतरी पाप दडलंय, कबूल करा आणि मग पाहा बरकत. मध्येच तिसरा कुणीतरी तांदळाच्या कट्ट्यांचा आणि धर्मांतराचा विषय काढतो, की सगळे मूळ मुद्दा सोडून तिकडे धावतात. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. त्यात डोकी मोजली जातात. मला इथं पाप, त्याचे परिणाम आणि तारण याबद्दल ख्रिस्ती शिकवण खरोखर काय म्हणते, त्यावर बोलायचं आहे. हे मी बाहेरून बोलत नाही. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि रविवारची उपासना चुकवली तर आमच्या घरी आजही जेवताना विषय निघतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या शिकवणुकीत पापाची क्षमा फुकट मिळते हे खरं, पण ज्याचं नुकसान केलं त्याचं देणं त्या क्षमेनं फिटत नाही. आणि कुणाच्या दुःखावरून त्याच्या पापाचा माग काढायला तर खुद्द येशूनं मनाई केलेली आहे. पानठेल्यावरचा टीकाकार आणि शेडमधला उपदेशक एकमेकांचे वैरी वाटतात, पण चुकतात एकाच ठिकाणी. पापाच्या व्यवहारात दोघांनाही दोनच पक्ष दिसतात, पापी आणि देव. ज्याच्यावर पाप झालं तो तिसरा माणूस दोघांच्याही हिशेबात नाही.

आधी उपदेशकाचं पाहू, कारण तो आमच्या घरचा. अशाच एका शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला मी मागं सतरंजीवर बसलो होतो. समोर चाळिशीतली एक बाई उभी होती. नवरा गेलेला, तीन एकर कोरडवाहू, पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, बोंडअळी. बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, घरात काही लपवून ठेवलंय का, कुणाशी वैर आहे का, काही आठवतं का. ती बराच वेळ आठवत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. शेवटी म्हणाली, "सासूले एकडाव उलटून बोलली होती मी." सभेनं मोठ्यानं हालेलुया म्हटलं. अळीचं कारण सापडलं होतं.

आता न्यायानं बोलायचं तर उपदेशकाच्या हातात वचनं आहेत. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, की आज्ञा मोडल्या तर शेतात बियाणं पुष्कळ न्याल आणि घरी थोडं आणाल, कारण टोळ खातील. कापूसपट्ट्यातल्या माणसानं ते वाचलं तर त्याला आपलाच हंगाम आठवेल. पौल गलतीकरांना लिहितो, "माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल." मिर्याम, गेहजी, उज्जीया राजा यांना पापाची शिक्षा म्हणून कोड फुटल्याच्या कथा बायबलमध्येच आहेत. त्यामुळे "बायबल असं म्हणतच नाही" असं सांगून सुटका करून घेणारे सुशिक्षित ख्रिस्ती लोकही प्रामाणिक नाहीत. बायबल असं म्हणतं. प्रश्न हा, की ते कुणाला उद्देशून म्हणतं, आणि तेवढंच म्हणून थांबतं का?

अनुवादातला शाप एकट्या विधवेला दिलेला नाही. तो सबंध राष्ट्राला दिलेला आहे आणि त्याच अध्यायात राजाचाही उल्लेख आहे. पुढं संदेष्ट्यांनी तो धागा उचलला तेव्हा बोट कुणाकडं दाखवलं? यशया घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा धिक्कार करतो. मीखा रात्री अंथरुणात बेत करून सकाळी दुसऱ्याचं शेत बळकावणाऱ्यांना शाप देतो. कोरडवाहू तीन एकरवालीला दोघांपैकी कुणीही दटावत नाही. मग निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाचं सबंध पुस्तक आहे. त्याचे मित्र अगदी शेडमधल्या उपदेशकाच्याच भाषेत त्याला पाप आठवायला लावतात, आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत. येशूपुढं जन्मांध माणूस आला तेव्हा शिष्यांनी विचारलंच होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? उत्तर होतं, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्यानं हेच विचारलं, की ते अठरा जण यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? एवढ्या स्पष्ट मनाईनंतरही जो माणूस माईकवरून बाईच्या घरातलं पाप शोधतो, त्यानं ईयोबाच्या मित्रांची जागा घेतली आहे. ज्या यवतमाळात 1953 पासून 1983 पर्यंत देशभरातले पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, त्याच भागात आज हे ऐकावं लागतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि पेरलं तेच उगवतं हे वचन? आमच्या कास्तकाराला त्यावर हसू येईल. बोगस बियाणं, पंधरा दिवसांची उघडीप, दुबार पेरणी ज्यानं पाहिली त्याला ठाऊक असतं की पेरणारा आणि उगवणारं पीक यांच्यामध्ये बरंच काही असतं. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला तेव्हा कारणं शोधणाऱ्यांना सापडली. अळी मारण्यासाठीच्या बीटी वाणाला अळी सरावली होती, कडेनं बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या त्या कुणी लावत नव्हतं, आणि फरदड ठेवून पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत रानात उभं राहत होतं, म्हणजे अळीला बारमाही खाणं. यात माणसांच्या चुका आहेत, काहींचा लोभही आहे, पण सासूला उलटून बोलल्याचा कुठं संबंध? त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली. त्यातले बरेच रोजानं फवारायला गेलेले मजूर होते. पाठीवर पंप, तोंडाला फार तर दुपट्टा, आणि डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी. "पापाचे वेतन मरण आहे," असं पौल म्हणतो. मान्य. पण इथं ते वेतन उचललं कुणी? औषध विकणाऱ्यानं, तपासणी न करणाऱ्यानं, मुखवटा न देता मजूर धाडणाऱ्यानं? पाप एकाच्या खात्यात जमा होतं आणि वेतन दुसऱ्याच्या नावानं निघतं, हा अनुभव बायबललाही नवा नाही. दावीद राजानं बथशेबेला नेलं, तिच्या नवऱ्याला लढाईत पुढं ठेवून मारवलं. मेला कोण? उरिया. नंतर कोण मेलं? जन्मलेलं बाळ. दावीद म्हातारा होऊन अंथरुणावर गेला.

दुःखावरून पाप ओळखायच्या सवयीची किंमत विदर्भानं एकदा मोजलेली आहे. महारोग झाला म्हणजे मागच्या जन्मीचं किंवा या जन्मीचं पाप फुटून आलं, असं मानून माणसं गावाबाहेर टाकली गेली. हान्सेननं नॉर्वेत त्या रोगाचा जंतू 1873 मध्येच दाखवला होता. आमच्या गावकुसापर्यंत ती बातमी यायला पाऊणशे वर्षं कमी पडली. ज्यांनी ही समजूत मोडली ते एका धर्माचे नव्हते. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठ दवाखाना होता, वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 मध्ये मनोहर दिवाण बसले, अमरावतीत 1946 मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं, मग वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आलं. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या जखमांना स्वतः मालिश करत. यांपैकी कुणीही रोग्याला आधी पाप कबूल करायला लावलं नाही. आजोबा सांगायचे, दवाखान्यात येणारा नवा रोगी औषधाआधी हेच विचारायचा, "माह्या हातून काय झालं असन?" पट्टी बांधणाऱ्यांना उत्तर ठरवून दिलेलं होतं: काही नाही, हा जंतूचा रोग आहे. त्या थोड्याशा शब्दांत मला योहानाचा नववा अध्याय, म्हणजे जन्मांधाबद्दलचं येशूचं उत्तर, ऐकू येतं.

आता पानठेल्याकडं वळू. तिथला आक्षेप हलका नाही आणि त्याला बगल देणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा मला कंटाळा आला आहे. वधस्तंभावर येशूच्या शेजारी टांगलेला चोर शेवटच्या घटकेला एक वाक्य बोलतो आणि त्याला सुखलोक मिळतो. त्यानं कुणाला काय परत केलं? काहीच नाही. द्राक्षमळ्यात दिवस मावळताना आलेल्या मजुराला दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी मिळते. कृपा ही अशीच, हिशेबाला न बसणारी, आणि ती सभ्य माणसाला खटकावी म्हणूनच सांगितलेली आहे. इतिहास तर याहून वाईट. 1517 च्या सुमारास टेट्झेल नावाचा साधू जर्मन मुलखात फिरून पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकत होता. धर्मसुधारक लूथरनं त्याविरुद्ध जी 95 विधानं मांडली, त्यातलं पहिलंच असं, की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य हाच पश्चात्ताप असला पाहिजे. आणि आपल्याच काळात, 2002 साली बोस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतातलं प्रकरण उघडं पडलं. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी वर्षानुवर्षं फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवलं होतं. गुन्हेगाराला दुसरी संधी मिळाली. मुलांना काय मिळालं? "क्षमा" या नावाखाली तिसऱ्या माणसाला गिळून टाकता येतं, याचा याहून मोठा पुरावा मागू नये.

तेवढं दूर जायचीही गरज नाही. आमच्या पंचक्रोशीतल्या एका गृहस्थांनी मंडळीत साक्ष दिली. दारू सुटली, बायकोला मारणं सुटलं, रात्री शांत झोप लागते, माह्यं सारं धुऊन गेलं. ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यांचे आधीचे दिवस मी पाहिलेले आहेत. पण त्यांच्या वावराला लागून एका विधवेचं वावर आहे. दरसाल नांगरताना तिच्या बाजूला एक-दोन तास (नांगराच्या ओळी) जास्त घालायचे, असं करत तो धुरा, म्हणजे बांध, किती सरकला ते गावातल्या कुणालाही विचारा. धुऱ्यावरचं जुनं बाभळीचं खोड आता त्यांच्या तुरीत उभं आहे. सातबाऱ्यावर तिचे एकर तेवढेच आहेत, पेरायला कमी. मोजणीचे पैसे भरायची तिची ऐपत नाही. साक्ष झाली, टाळ्या झाल्या, खरीप आलं, आणि धुरा आहे तिथंच आहे. शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणाऱ्याला अनुवादाच्या 27व्या अध्यायात शाप आहे, आणि तो उच्चारल्यावर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं आहे. आमच्या मंडळीत आमेन फक्त दारू सुटल्यावर झालं.

मग शिकवण खोटी की ती अर्धीच पाळली जाते? मला दुसरं वाटतं, आणि त्याला आधार ग्रंथातच आहे. लेवीयच्या सहाव्या अध्यायात फसवणुकीचा नियम दिलाय: जे घेतलं ते पुरं परत कर, वर पाचवा हिस्सा जास्त दे, आणि मग दोषार्पण घेऊन याजकाकडं ये. क्रम पाहा. येशूनं हाच क्रम डोंगरावरच्या प्रवचनात आणखी कडक केला: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. पुढं ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांच्या हातात नवा करार पहिल्यांदा पडला तो नागपूर-राजनांदगावच्या रेल्वेत, आणि त्यांना धरून ठेवलं ते याच प्रवचनानं. नरकाच्या धाकानं टिळक वळलेले नाहीत. आणि मग यरीहोचा जक्कय. मुख्य जकातदार, म्हणजे रोमन सरकारच्या वसुलीवर आपला वाढावा चढवणारा श्रीमंत माणूस. आमच्याकडं तो पाच टक्के महिन्यानं पैसे फिरवत असता. येशू त्याच्या घरी जेवायला जातो, आणि हा उभा राहून म्हणतो: अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. फसवणुकीला नियमशास्त्र पाचवा हिस्सा जास्त मागत होतं, यानं मेंढरू चोरून कापणाऱ्याला लागू होणारा चौपटीचा दंड स्वतःवर लावून घेतला. त्यानंतर येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे. येशू घरात आला तो परतफेडीच्या आधी, हे विसरून चालणार नाही. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हती. पण क्षमा खरोखर पोचली हे यरीहोतल्या लोकांना कळलं ते पैसे परत आले तेव्हाच. आणि तो चोर? त्याच्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं, तरी तो वधस्तंभावरून उतरला नाही. "आपल्याला योग्य तीच शिक्षा मिळते आहे," हे त्यानं "येशू, माझी आठवण ठेव" म्हणण्याआधी म्हटलं, आणि संध्याकाळी शिपायांनी त्याचे पाय मोडले.

"माफी दिली की सवय लागते," हे वाक्य आपण कर्जमाफीच्या वेळीही ऐकतो, आणि तुलना काही बाबतींत बसते. 2008 च्या माफीत पाच एकरांच्या अटीमुळे आमच्याकडचे कितीतरी कोरडवाहू कास्तकार पूर्ण माफीतून वगळले गेले. 2017 आणि 2019 मध्ये पुन्हा माफ्या झाल्या. दर वेळी शहरातला पगारदार विचारतो, मग भरणारा मूर्ख का? तो प्रश्न रास्त आहे. पण कर्जमाफीत कर्ज हवेत विरत नाही. बँकेच्या वहीतून ते सरकारच्या तिजोरीत जातं. कुणीतरी ते भरतं. ख्रिस्ती शिकवण क्षमेबद्दल नेमकं हेच सांगते. मत्तयाच्या 18व्या अध्यायातला राजा चाकराचं दहा हजार तलांत कर्ज सोडतो. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी, तेव्हा राजानं बुडवून घेतलेली रक्कम सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतकी. वधस्तंभाचा अर्थ लावताना ख्रिस्ती पंडितांनी शतकानुशतकं वाद घातला, तरी एवढ्यावर बहुतेकांचं एकमत आहे, की माफ करणारा नुकसान स्वतः सोसतो. आता त्या चाकरानं बाहेर पडून काय केलं? शंभर दिनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, दुसऱ्या चाकराचा गळा धरला. राजानं मग दिलेली माफी मागं घेतली. सवय लागण्याचा आक्षेप येशूला माहीत होता, म्हणूनच गोष्ट तिथं संपत नाही. आमच्या भागात मात्र माफी होते ती बँकेची. सावकाराकडं टाकलेलं खरेदीखत तसंच राहतं.

हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती धर्माचा नाही, हेही टीकाकारानं जरा मान्य करावं. वाल्याचा वाल्मीकी झाला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बायकोपोरं पापात वाटेकरी व्हायला तयार नाहीत, म्हणून वाल्या जागा होतो, नाम घेतो, अंगावर वारूळ चढतं, ऋषी होतो. सात रांजण खड्यांनी भरले होते म्हणतात, एकेका खड्यामागं एकेक वाटसरू. त्या वाटसरूंच्या घरी पुढं काय झालं, हे कुठल्या कीर्तनकारानं सांगितलं? त्या मानानं अंगुलीमालाची कथा मला जास्त खरी वाटते, आणि ती नागपूरच्या दीक्षाभूमीला जाणाऱ्या लाखो लोकांना ठाऊक आहे. खुनी भिक्खू झाला, मन पालटलं, तरी भिक्षेला गेला की लोक दगड मारत. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत आला तेव्हा बुद्धांनी सांगितलं, सोस. मुक्ती मिळाल्यानं दगड थांबले नाहीत, आणि थांबावेत असं बुद्धही म्हणाले नाहीत. नाथान संदेष्टा दावीदाला सांगतो ते यापासून फार लांब नाही: देवानं तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस, पण तलवार तुझ्या घरातून हटणार नाही. दावीदाच्या मुलाचं, अबशालोमाचं, बंड अजून व्हायचं होतं.

देशाच्या पातळीवर हा प्रयोग दक्षिण आफ्रिकेनं वर्णभेदाची राजवट संपल्यावर केला. 1995 च्या कायद्यानं नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष होते आर्चबिशप डेस्मंड टुटू. जो आपला राजकीय गुन्हा पुरता उघड सांगेल त्याला माफी मिळू शकत होती; पश्चात्ताप दाखवण्याची अटही नव्हती. सात हजारांवर अर्ज आले, 849 मंजूर झाले. माफी मिळाली त्यांना ती लगेच मिळाली. पीडितांना 2003 मध्ये सरकारनं एकरकमी 30,000 रँड देऊ केले, आयोगानं सुचवलं होतं त्याहून कितीतरी कमी. आयोगानं रक्तपात टाळला, सत्य बाहेर आणलं, हे मी नाकारत नाही. टुटूंचा आदरही आहे. पण तिथल्या आया जेव्हा विचारतात, की आम्हाला क्षमा करायला सांगता, मग जमीन कुणाच्या नावावर आहे, तेव्हा त्या जक्कयाच्या बोलण्यातलं उरलेलं अर्धं, म्हणजे परतफेड, मागत असतात.

एक आक्षेप मात्र विदर्भात सगळ्यांत टोकदार आहे, आणि तो पानठेल्यावर नव्हे, अभ्यास केलेल्या आंबेडकरी मित्रांकडून येतो. जन्मतःच माणूस पापी? ज्यांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जन्माचा कलंकच नाकारला, त्यांच्या नातवंडांना तुम्ही दुसरा जन्मजात कलंक कसा सांगता? आजची गरिबी मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ, हे बाबासाहेबांनी ठोकरलं. मग आदामाचं पाप का चालवून घ्यायचं? याला झटपट उत्तर नाही. जन्माबरोबर दोषही वारशानं येतो ही मांडणी पाश्चात्त्य चर्चमध्ये ऑगस्टीननं रुजवली. 418 च्या कार्थेज परिषदेनं हा वारसा नाकारणाऱ्या पेलागियसविरुद्ध तिची बाजू घेतली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं ती तशी घेतली नाही. तिथं आदामाकडून मरण आणि दुबळेपण येतं, गुन्हा येत नाही. यहेज्केलाच्या 18व्या अध्यायात तर बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले ही म्हणच देव बंद करायला लावतो. शिवाय आदामाच्या पापात शिडी नाही, पोपही त्याच पायरीवर आणि झाडूवालाही. एवढं बोलूनही माझं पूर्ण समाधान होत नाही. मालक आणि सालदार दोघांना शेजारी बसवून "तुम्ही दोघंही सारखेच पापी" म्हणणं, हे ऐकायला समतेचं वाटलं तरी सालदारावर अन्याय आहे, कारण त्याच्या वाट्याला आलेलं बरंचसं पाप दुसऱ्यानं केलेलं आहे. इथं मला बाप्तिस्मा देणारा योहान उपयोगी पडतो. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावं? तो एकच उत्तर सगळ्यांना देत नाही. दोन अंगरखे असलेल्याला एक द्यायला सांगतो, जकातदाराला ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नको म्हणतो, शिपायाला जुलमानं पैसे उकळू नको म्हणतो. ज्याच्या हातात जेवढी ताकद, त्याला तेवढं नेमकं. आमच्या सभांतून हे नेमकेपण गेलं आणि उरल्या त्या दारू, सिगारेट आणि सासू.

राहिला तो प्रश्न, की ज्याचं देणं लागतं तो माणूसच आता नसेल तर? विदर्भात हा कल्पनेतला प्रश्न नाही. कर्जापायी स्वतःला संपवलेल्या कास्तकाराच्या बायकोला काही जण वर हेही ऐकवतात, की आत्महत्या करणारा नरकातच जातो. हेही ख्रिस्ती परंपरेत होतं, नाकारत नाही. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेत अशांना चर्चचं दफन नाकारलेलं होतं. 1983 च्या संहितेनं ती बंदी ठेवली नाही, आणि 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणात मनाच्या त्रासानं जबाबदारी कमी होते आणि त्यांच्या तारणाची आशा सोडू नये, असं लिहिलं आहे. मुळात बायबलमध्ये दावीदाचा सल्लागार अहीथोफेल जीव देतो, तर त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरतात. शौल राजा स्वतःच्या तलवारीवर पडतो, तर दावीद त्याच्यासाठी विलाप रचतो. नरकाचा शेरा तिथं कुणी मारत नाही. मग आपण कोण? त्या घरी जाऊन मेलेल्याचं पाप मोजण्यापेक्षा त्याच्याकडून काय काय घेतलं गेलं ते मोजा. गणनाच्या पाचव्या अध्यायात यासाठीही नियम आहे: नुकसान झालेला माणूस नसेल तर भरपाई त्याच्या आप्ताला द्यायची. माणूस मेला म्हणून देणं मरत नाही.

आणि यासाठी आपल्याकडं कायदासुद्धा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणं बेकायदा सावकारीत लिहून घेतलेली जमीन जिल्हा उपनिबंधक चौकशी करून कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देऊ शकतो, खरेदीखत रद्दबातल ठरवू शकतो. अडतं कुठं? व्यवहार कर्जाचा होता, विक्रीचा नव्हता, हे सांगायला गावात माणूस मिळत नाही. सगळ्यांना माहीत असतं, कुणी सही करत नाही, कारण उद्या पेरणीला त्याच दारात जायचं असतं. मी हे एका तरुण पास्टरांना सुचवलं: सभेत पाप विचारायचंच असेल तर "कुणाचं काय तुमच्याकडं आहे" एवढं विचारा, आणि मंडळीतले दोघे-तिघे घेऊन त्या बाईबरोबर उपनिबंधकाच्या कचेरीत जा. ते म्हणाले, "दादा, असं विचारलं तर सभेले येईल कोण? अन् अर्पण देणारे तेच त आहेत." मी म्हटलं, कमी येतील. जकातदाराच्या घरी येशू जेवायला गेला तेव्हाही लोक कुरकुरलेच होते, आणि त्या कुरकुरीनं कुणाची चौपट अडली नाही. त्यांनी विचार करतो म्हटलं. मोजणीच्या अर्जाचा नमुना मात्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतला. धुऱ्यासाठी फी मंडळीच्या पेटीतून भरता येईल का, हे पुढच्या बैठकीत ठेवायचं ठरलं आहे.